घरच्यांना विचारून सांगतो

गुरांच्या बाजारात सौदा कसा होतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना परराष्ट्र धोरण वेगळं शिकवावं लागत नाही. दोन माणसं उभी असतात, मध्ये एक उपरणं, त्याखाली दोघांचे हात. बोटं दाबून भाव सांगितला जातो, वाढवला जातो, तोडला जातो. भोवती उभ्या असलेल्यांना, अगदी ज्यांच्या गोठ्यात तो बैल जायचाय त्यांनाही, आकडा कळत नाही. भाव अंगावर यायला लागला की मुरलेला शेतकरी एकच वाक्य टाकतो : "घरच्यांना विचारून सांगतो." त्यापुढे दलालाचं काही चालत नाही. घरचे समोर नसतात, त्यांना गोड बोलून वळवता येत नाही, आणि ते खरंच नाही म्हणू शकतात हे दलालालाही ठाऊक असतं.

बिगर-सरकारी संघटना परराष्ट्र धोरणात नेमकं काय करतात, या प्रश्नाचं माझं उत्तर या वाक्यात आहे. त्या मुत्सद्दी नसतात, करारावर त्यांची सही नसते. त्या घरचे असतात. त्यांचा आवाज मोठा असेल तर आपला माणूस बाजारात ते वाक्य उच्चारू शकतो, आणि समोरचा त्यावर विश्वास ठेवतो. ज्या सरकारने घरच्यांना गप्प बसवलंय, त्याच्या तोंडी ते वाक्य शोभतच नाही.

आपल्याकडे हे नीट बोललं जात नाही, कारण स्वयंसेवी संस्था म्हटलं की दोन ठरलेली चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक झोळीवाल्या संताचं, दुसरं परकीय हस्तकाचं. दोन्ही चित्रांत विचार करायची गरज उरत नाही, म्हणून ती टिकून आहेत.

औषधांची गोष्ट घेऊ. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिचा बराचसा भाग मुंबईत घडलेला आहे.

१९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळत होतं. म्हणजे तेच औषध वेगळ्या रीतीने बनवायला भारतीय कंपन्या मोकळ्या होत्या. आपल्या औषध उद्योगाची वाढ या एका फरकावर झाली. मग गॅट या जुन्या जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींचा उरुग्वे फेरा आला, १९९४ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला सही झाली आणि १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार त्या गठ्ठ्यातच होता. भारताला औषधांवर पेटंट देण्यासाठी २००५ पर्यंत मुदत मिळाली. संसदेत या कराराला मंजुरी देणारं मतदान झालं नाही. आपल्या राज्यघटनेनुसार ते लागतही नाही. करार करणं हा केंद्राच्या कार्यकारी सत्तेचा अधिकार आहे, आणि संसदेकडे काम येतं ते नंतर, देशातला कायदा बदलायचा असेल तेव्हा.

पण याचाच एक उलटा फायदा झाला. सही झाली तरी कायदा बदलायचा बाकी होता, आणि कायदा बदलायला संसदेत यावंच लागतं. बी. के. केयला यांच्या पुढाकाराने १९८८ पासूनच पेटंट कायद्यांवर एक राष्ट्रीय कार्यगट काम करत होता. त्यात शास्त्रज्ञ होते, निवृत्त अधिकारी होते, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासारखी माणसं होती. या मंडळींनी करारातली कलमं अक्षरशः किसून काढली आणि एक गोष्ट शोधली : ट्रिप्स म्हणतो की शोधाला पेटंट द्या, पण शोध कशाला म्हणायचं याची व्याख्या तो देत नाही. म्हणजे ती व्याख्या आपण करायची. आज हे सोपं वाटतं. पण तेव्हा "आता सही केली, हात बांधले गेले" असंच वातावरण होतं.

२००४ च्या डिसेंबरात सरकारने पेटंट कायदा बदलणारा वटहुकूम काढला. त्यात ही मोकळीक पुरेशी वापरलेली नव्हती. पुढच्या तीन महिन्यांत जे झालं ते संघटनांच्या कामाचं उत्तम उदाहरण आहे. एचआयव्हीबाधितांची नेटवर्क्स, लॉयर्स कलेक्टिव्हचे वकील, जनआरोग्याच्या चळवळीतले लोक, परदेशातून पत्रं लिहिणाऱ्या रुग्णसंघटना, सगळे एकाच मागणीवर आले. त्यात हिशोब जुळून आला तो डाव्या पक्षांचा. त्यांच्या पाठिंब्याशिवाय ते सरकार टिकत नव्हतं आणि मसुदा त्यांच्या हाती तयार होता. मार्च २००५ मध्ये कायदा संमत झाला तेव्हा त्यात कलम ३(ड) होतं : माहीत असलेल्या औषधाचं नवं रूप तेवढ्यावर पेटंटला पात्र होत नाही, त्याचा गुण आधीपेक्षा वाढलेला दाखवावा लागतो. मोर्चा नेहमीच निघतो, पण मोर्चा निघाला त्या दिवशी कलमाचा मजकूर खिशात होता ही खरी कमाई. संसदेतलं गणित अनुकूल नसतं तर तो मजकूर खिशातच राहिला असता, हेही तितकंच खरं.

त्या कलमाची परीक्षा लवकरच झाली. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचं ग्लिव्हेक हे नोव्हार्टिसचं औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना मिळत होतं. भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत. नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. ही संस्था १९६९ पासून रुग्णांना औषधं, आधार, राहण्याजेवण्याची मदत असं काम करत आलेली. आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याशी तिचा संबंध काय? संबंध इतकाच, की रुग्णांसाठी औषध विकत घेताना बिल कोण भरतं हे तिला रोज दिसत होतं. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कलम ३(ड) ला दिलेलं आव्हान फेटाळलं, आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द दिला. पेटंट नाकारलं गेलं.

आता यात परराष्ट्र धोरण कुठे आलं, असं कोणी विचारेल. तर अमेरिकेचं व्यापार प्रतिनिधी कार्यालय दरवर्षी इतर देशांच्या पेटंट आणि बौद्धिक संपदा कायद्यांवर एक अहवाल काढतं आणि भारताला प्राधान्याने लक्ष ठेवण्याच्या यादीत बसवतं. युरोपीय संघाशी मुक्त व्यापार कराराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा हाच विषय आला, वेगळ्या नावाने. त्याला डेटा एक्स्क्लुझिव्हिटी म्हणतात. पेटंट नसलं तरी मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या निष्कर्षांवर टेकून दुसऱ्या कंपनीला काही वर्षं परवाना मिळणार नाही, अशी ती तरतूद. पुढचं दार बंद केलं तर मागच्या पडवीतून यायचा प्रकार. बोलण्यांचा मसुदा गुप्त होता, पण त्यातले तुकडे फुटत राहिले आणि दिल्लीतली एचआयव्हीबाधितांची नेटवर्क्स ते वाचत राहिली. मार्च २०११ मध्ये हजारोंनी दिल्लीत मोर्चा काढला. तेव्हाचे वाणिज्यमंत्री आनंद शर्मा यांनी ही तरतूद मान्य करणार नाही असं त्या वर्षी सांगितलं. ब्रसेल्सला बसलेल्या आपल्या अधिकाऱ्याला त्या मोर्चाचा त्रास झाला असेल की मदत? मला वाटतं, बहुतेक वेळा मदतच. "कायदा आमच्या संसदेचा, निकाल आमच्या न्यायालयाचा, आणि रस्त्यावर हे लोक" ही तिहेरी भिंत पाठीशी असलेला माणूस आणि एकटा बसलेला माणूस यांच्या आवाजात फरक पडतो.

औषधांच्या गोष्टीत कंपन्याही आहेत आणि त्यांना वगळणं लबाडी होईल. २००१ मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी एड्सवरचं तिहेरी औषध मेडसां सां फ्रँतिएर या डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केलं. त्याआधी हाच उपचार पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वस्त औषधांच्या कायद्यावरून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर दावा लावलेल्या ३९ औषध कंपन्यांनी तो मागे घेतला, कारण तिथल्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या रुग्णांच्या संघटनेने त्यांची जगभर नाचक्की केली होती. आणि नोव्हेंबरात दोहाला जागतिक व्यापार संघटनेने मान्य केलं की ट्रिप्स करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नये. मुंबईतली एक कंपनी, केपटाऊनमधले रुग्ण, पॅरिसमध्ये जन्मलेली डॉक्टरांची संघटना. यांपैकी कोणीही एकटं असतं तर दोहाचा जाहीरनामा निघाला नसता. सिप्लाला धंदा करायचा होता, हे उघड आहे. पण धंदा आणि परोपकार एका दिशेने चालतात तेव्हा त्याचा फायदा घ्यावा, नाक मुरडत बसू नये. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेसह कोविड काळापुरती पेटंटची बंधनं शिथिल करण्याचा प्रस्ताव जिनिव्हाला मांडला तो याच वीस वर्षांच्या भांडवलावर. प्रस्ताव सरकारचा होता, त्यातला युक्तिवाद मात्र संघटनांनी आधीच घोटून ठेवलेला होता. जून २०२२ मध्ये हाती लागलं ते फक्त लशींपुरतं, कापून-छाटून. तरी मांडलं हे खरं.

आणि इथे मला चीड येते. ग्लिव्हेकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात रुग्णसंघटनेची बाजू लढवली ती लॉयर्स कलेक्टिव्हचे आनंद ग्रोवर यांनी. म्हणजे ज्या कायद्याचा सरकार जगभर बचाव करत होतं, त्याचाच बचाव. २०१६ मध्ये याच संस्थेची परदेशी देणग्या घेण्याची नोंदणी सरकारने रद्द केली. आरोप होते, संस्थेने ते नाकारले, प्रकरण न्यायालयात गेलं. त्याचा निवाडा करणं माझं काम नाही. मला दिसतं ते एवढं, की देशाच्या बाजूने उभा राहिलेला माणूस दुसऱ्या खिडकीतून पाहिलं की संशयित होतो, आणि दोन्ही खिडक्या एकाच इमारतीत आहेत.

परदेशी पैशाबद्दल सरकारची शंका मुळात चुकीची आहे असं मी म्हणत नाही. दुसऱ्या देशाच्या पैशावर आपल्या देशाचं धोरण वळवलं जाऊ नये, हे कोणीही मान्य करेल. पण मग नियम सगळ्यांना सारखा हवा. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी परदेशी देणग्यांचा कायदा मोडल्याचं म्हटलं. पुढे काय झालं? २०१६ च्या वित्त कायद्यातून परदेशी स्रोताची व्याख्याच बदलली गेली, तीही २०१० पासून पूर्वलक्षी प्रभावाने. आणि २०१८ मध्ये ती थेट १९७६ पर्यंत मागे नेली. दोन्ही पक्षांची सुटका झाली. मग २०२० मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी तोच कायदा कडक झाला : एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी द्यायचा नाही, प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका शाखेतच उघडायचं. वकील, संशोधक, कलमं वाचणारा माणूस, हे सगळे कागदोपत्री बरेचदा प्रशासन खर्चात जातात. चादरी वाटणाऱ्या संस्थेला हा नियम फार जाचत नाही. मसुदा वाचणाऱ्या संस्थेचा मात्र गळा आवळला जातो.

घरच्यांचा आवाज चालतो हे सरकारला चांगलं ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत आरसेप या सोळा देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडला. सात वर्षं बोलणी चालली होती. विरोधात कोण होतं? डाव्यांची किसान सभा होती आणि संघ परिवारातला स्वदेशी जागरण मंचही होता. एरवी हे दोघे एका रस्त्याने जायचे नाहीत. अमूलसारखे दूध संघ होते. न्यूझीलंड आपल्या दुधाचा जवळपास सगळा माल निर्यात करतं. दोन-तीन म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसाला त्यासमोर उभं करायचं, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी होती. पंतप्रधानांनी माघारीचं कारण देताना गांधीजींचा ताईत (निर्णयाआधी सर्वांत गरीब माणसाचा चेहरा आठवा, हा त्यांचा मंत्र) आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांचा दाखला दिला. ताईताचं राहू द्या. दुग्धव्यवसायाने नकार दिला होता आणि तो नकार पोहोचला होता. त्यानंतर २०२२ चा ऑस्ट्रेलियाशी करार, २०२५ चा ब्रिटनशी करार, दोन्हींत भारताने दूध बाजूला ठेवलं. आता समोरचा देशसुद्धा दुधाबद्दल फार ताणत नाही. घरचे ऐकणार नाहीत, हे त्यालाही कळून चुकलंय.

मात्र ही गोष्ट सांगताना मी जरा थबकतो. स्वदेशी जागरण मंच कागदावर बिगर-सरकारी आहे. पण सत्तेच्या घरातला आहे. त्याला माजघरापर्यंत जाता येतं. किसान सभेला अंगणातून ओरडावं लागतं. आणि आरसेपमध्ये गेलो असतो तर ज्यांची निर्यात वाढली असती, ते कापड किंवा यंत्रांचे सुटे भाग बनवणारे छोटे कारखानदार या गलक्यात कुठे होते? दुधाबद्दलचा निर्णय मला बरोबर वाटतो. सगळ्याच मालाबद्दल बरोबर होता का, याबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. ज्याचा आवाज पोहोचला तोच बरोबर होता, असं मानायची चूक संघटनांचे समर्थक नेहमी करतात.

तीच गोष्ट विचारगटांची. दिल्लीत २०१६ पासून दरवर्षी रायसीना संवाद ही परराष्ट्र धोरणावरची परिषद भरते. परराष्ट्र मंत्रालय आणि ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन ती मिळून भरवतात. ही संस्था १९९० मध्ये रिलायन्सच्या मदतीने उभी राहिली. मुंबईत गेटवे हाऊस हा तसाच विचारगट आहे. निवृत्त राजदूत, उद्योगपती, अभ्यासक यांची ऊठबस तिथे असते, आणि त्यात काही गैर नाही. चांगलं कामही होतं. पण यांना कोणी कधी एनजीओवाले म्हणून हिणवत नाही. भारत-अमेरिका अणुकरार २००५ ते २००८ या काळात अमेरिकन काँग्रेसमधून पार पडावा म्हणून तिथल्या भारतीयांच्या संघटनांनी घरोघर नव्हे तर खासदारागणिक फिरून प्रयत्न केले. त्यांचं आपण कौतुकच केलं. अमेरिकेच्या दृष्टीने पाहिलं तर ते काय होतं? एका देशातल्या बिगर-सरकारी गटाने मूळ देशाच्या हिताचा करार पास करून घेणं. आपल्या बाजूने झालं की ती अनिवासींची ताकद, आपल्या विरुद्ध झालं की तो परकीय हात.

खरं तर या देशाचं परराष्ट्र धोरण जन्मलंच एका बिगर-सरकारी संघटनेच्या पोटी. १९३८ मध्ये हिंदुस्थानचं सरकार ब्रिटिशांचं होतं, आणि चीनवर जपानने आक्रमण केलं होतं. काँग्रेस ही त्या वेळी एक संघटना होती, सरकार नव्हे. तिने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवायचं ठरवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईच्या बंदरातून ते निघाले. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले. चीनचे नेते भारतात आले की आजही त्यांचं नाव निघतं, सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक आहे. पण १९६२ मध्ये त्या नावाने एक गोळी थांबली नाही. सद्भावनेला सीमारेषा कळत नाहीत, आणि सैन्याला त्याच कळतात. म्हणून संघटनांच्या प्रभावाबद्दल बोलताना गहिवर जरा आवरावा असं मला वाटतं.

भूसुरुंगांवरच्या बंदीचंही असंच झालं. १९९२ मध्ये काही संघटनांनी मोहीम सुरू केली, १९९७ मध्ये ओटावा करार झाला, त्याच वर्षी मोहिमेला नोबेल मिळालं. संघटनांच्या सामर्थ्याचं उदाहरण म्हणून ते वर्गावर्गांत शिकवलं गेलं. भारताने सही केलेली नाही. आणि २०२५ मध्ये पोलंड, फिनलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, कारण शेजारी रशिया आहे. तिथे घरच्यांचंच मन बदललं.

घरच्यांना कोणी विचारतच नाही, असंही एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या पालघर जिल्ह्यातलं आहे. डहाणू, तलासरीकडचे आदिवासी पावसाळ्याची मासेमारी बंदी संपली की गुजरातेत वेरावळ, पोरबंदर, ओखा इथल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट मालकाची, जाळं मालकाचं, यांचे फक्त हात. सर क्रीक या कच्छच्या टोकाच्या वादग्रस्त खाडीपलीकडची सागरी सीमा दोन देशांत नीट आखलेलीच नाही. मासा जिकडे तिकडे बोट जाते आणि पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागते. मग कराचीचा मलीर तुरुंग. तिकडचे मच्छीमार आपल्या तटरक्षक दलाच्या हाती लागले की ते गुजरातच्या तुरुंगात. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या ७३ व्या कलमानुसार आर्थिक क्षेत्रातल्या (किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातल्या) मासेमारीच्या गुन्ह्याला, दोन देशांत तसा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. दोन्ही देशांनी तो कायदा स्वीकारलेला आहे.

या लोकांचा प्रश्न तीस वर्षं लावून धरला तो पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरमने. हा मंच १९९४ मध्ये स्थापन झाला. भारताचे माजी नौदलप्रमुख ॲडमिरल एल. रामदास त्याच्या आघाडीच्या लोकांत होते. १९७१ च्या युद्धात लढलेला, वीरचक्र मिळवलेला हा माणूस निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करत राहिला आणि पाकिस्तानशी बोललं पाहिजे असं सांगत राहिला. २००४ मध्ये त्यांना आणि पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांना भाबडे म्हणणारे खूप होते. ज्याने नौदल चालवलं त्याला भाबडा म्हणायला धैर्य लागतं, पण ते आपल्याकडे स्वस्त आहे.

या मंडळींच्या आणि मच्छीमार संघटनांच्या रेट्याचा वाटा असलेल्या काही गोष्टी आज कागदावर आहेत. २००७ पासून दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची कैद्यांसाठी एक समिती होती. २१ मे २००८ चा वकिलाती संपर्काचा, म्हणजे कैद्याला आपल्या देशाच्या वकिलातीशी भेटू देण्याचा, करार आहे, त्यानुसार १ जानेवारी आणि १ जुलै असं वर्षातून दोनदा कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या जातात, आणि शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याच्या आत सोडायचं असं ठरलेलं आहे. पाकिस्तानने सोडलेल्या आपल्या माणसांना कराचीहून लाहोरपर्यंत पोहोचवण्याचा खर्च अनेकदा तिकडची ईधी फाउंडेशन ही सेवाभावी संस्था उचलते. ओख्याहून कराची समुद्राने किती जवळ! पण ही माणसं वाघा ओलांडून, पंजाबातून फिरून घरी येतात.

मे २०२५ मध्ये दोन देशांत क्षेपणास्त्रं उडाली, तरी १ जुलैला याद्या दिल्या गेल्या. पाकिस्तानने १९३ मच्छीमार आपल्याकडे असल्याचं सांगितलं, भारताने ८१. यादी न चुकता जाते, हे यश आहे. यादीतली माणसं शिक्षा संपूनही आत राहतात, हे त्या यशाचं माप. न्यायमूर्तींची समिती २०१३ च्या भेटीनंतर थंडावली ती थंडावलीच. औषधांच्या लढ्यात संघटनांकडे कायदा होता, न्यायालय होतं, संसदेतलं गणित होतं. दुधाच्या लढ्यात मतं होती. तलासरीच्या खलाशाकडे यातलं काहीच नाही. तो दुसऱ्या राज्यातल्या मालकाच्या बोटीवर, परक्या देशाच्या तुरुंगात. त्याच्यासाठी दिल्लीत सरकार पडायची भीती नाही, आणि शेजाऱ्याशी बोलणं हाच मुळात गुन्हा ठरवलेला असेल तर घरचे म्हणून उभं राहणार कोण?

म्हणून मला मागणी करावीशी वाटते ती संघटनांना पुरस्कार द्या, परिषदेला बोलवा अशी नाही. ती कोरडी आहे. व्यापार करार असो की दुसरा कोणता, सही होण्याआधी त्याचा मसुदा संसदेच्या स्थायी समितीसमोर यावा आणि समितीने संबंधितांना ऐकावं. दूध संघांना, रुग्णांना, कारखानदारांना, मच्छीमारांनाही. सगळी बोलणी चव्हाट्यावर करा असं कोणी म्हणत नाही, उपरण्याखाली हात राहू द्या. पण बैल गोठ्यात यायच्या आधी एकदा घरच्यांना दाखवा. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला तेव्हा त्याचा पूर्ण मजकूर सही झाल्यावर लोकांपुढे आला. त्यातल्या पेटंटच्या प्रकरणात सक्तीच्या परवान्यापेक्षा (पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला ते औषध बनवू देण्याच्या सरकारी परवानगीपेक्षा) कंपन्यांच्या स्वेच्छेला झुकतं माप दिलंय अशी टीका जाणकारांनी केली. टीका बरोबर की चूक, हा वाद करायला हवा होता सहीच्या आधी. २०१२ मध्ये भारताने यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या औषधाला सक्तीचा परवाना दिला तेव्हा महिन्याची किंमत २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आली होती. तो आपण दिलेला एकमेव परवाना. अशा अधिकाराबद्दल काय लिहून दिलं जातंय हे घरच्यांना वर्तमानपत्रातून कळावं, याला गुप्तता म्हणत नाहीत, गृहीत धरणं म्हणतात.

अधिकाऱ्यांना याची भीती वाटते ती मला समजते. हजारभर लोकांची परराष्ट्र सेवा, जगभर पसरलेली, आणि त्यात हे पंचवीस गट पंचवीस दिशांना ओढणारे. पण त्यांच्यातल्या जुन्या-जाणत्याने समोरच्या वाटाघाटीवाल्याकडे पाहावं. अमेरिकेचा माणूस प्रत्येक फेरीत म्हणतो, आमची काँग्रेस मानायची नाही. युरोपचा म्हणतो, आमची संसद मंजूर करायची नाही. आपल्या माणसाला मात्र सांगता येत नाही, कारण समोरच्याला माहीत असतं की याला कोणालाच विचारावं लागत नाही.

पावसाळा संपला की डहाणूहून गुजरातेकडे जाणाऱ्या गाड्यांत खलाशी भरलेले असतील. १ जानेवारीला परराष्ट्र मंत्रालय पत्रक काढेल, त्यात आकडा असेल, नावं नसतील. घरातला माणूस कोणत्या यादीत आहे हे विचारायला तलासरीतून फोन जाईल तो बहुतेक मंत्रालयाला नव्हे, मुंबईतल्या कुठल्या तरी कार्यकर्त्याला.